शब्द कुठायत?

माझ्या दादाचं प्रत्येक गाणं आधी बिनअर्थाचं जन्माला यायचं. चाल असायची, गिटार असायची, तोंडातून आवाजही निघायचा, पण तो कुठल्याच भाषेतला नसायचा. "हामे राना दूऽर, शेला वेना दूऽर," असलं काहीतरी. डोळे मिटून, मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून तो हे असं म्हणायचा की नव्या माणसाला वाटावं, बिचाऱ्याला परदेशात कुणीतरी फार मोठा दगा दिलेला दिसतो. पँट आखूड करून घ्यायला आलेली गिऱ्हाइकं मला विचारायची, "मागे कोण गातंय हो? कुठली भाषा ती?" मी सांगायचे, "माझा भाऊ आहे. भाषा अजून ठरायची आहे."

आमचं दुकान म्हणजे एकाच गाळ्याचे दोन तुकडे. रस्त्याकडचा माझा, कपडे उसवून परत शिवायचा. मागचा दादाचा, फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचा. मधे प्लायवूडची भिंत, तिला दार असं नाहीच, माझ्याच हातचा एक पडदा. वडिलांनी वाटणी केली तेव्हा म्हणाले होते, "हिचं तोंड चालतं, हिला पुढे बसवा. याचे हात चालतात, हा मागे बरा." दादाचे हात खरंच चालायचे. बंद फ्रिजला नुसता तळवा लावून तो सांगायचा, मोटर गेली आहे की गॅस. बोलायला मात्र त्याला कष्ट पडायचे. गिऱ्हाइकाला "दोन दिवसांनी या" हे सांगायलाही तो पडद्याआडून मला खूण करायचा.

अशा माणसाने बँड काढला यावर आई बरेच दिवस हसत होती. बँडचं नाव 'गंज'. ड्रमचा एक पाय तुटलेला होता, त्याच्याखाली जुन्या फ्रिजची गंजलेली जाळी लावली होती, त्यावरून हे नाव पडलं. ड्रम वाजवणारा बेकरीत कामाला होता, म्हणून त्याला सगळे 'बेकरी'च म्हणायचे. पुढे तो त्या बेकरीचा मालक झाला, त्याला जावई आला, तरी तो बेकरीच राहिला. बेस गिटार वाजवायचे मास्तर. शाळेत भूमिती शिकवायचे आणि एरवी तोंड उघडायला त्यांना काहीतरी द्यावं लागेल की काय असं वाटायचं. मी विचारायचे, "मास्तर, वर्गातही खुणांनीच शिकवता का?" तर ते मान हलवायचे. म्हणजे उत्तरसुद्धा खुणेनेच.

रविवारी दुपारी दुकान बंद असायचं. मागच्या खोलीत दारं काढलेले फ्रिज भिंतीला उभे, जमिनीवर तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, आणि त्या पसाऱ्यात हे तिघं. गाणं करायची त्यांची एक रीत होती. दादा ती बडबड गायचा, बाकीचे दोघं त्याच्या मागे मागे जायचे. कुणी थांबवायचं नाही, कुणी विचारायचं नाही. चाल तिघांच्या हातात बसली की शेवटी बेकरी झांजेवर एक सणसणीत फटका मारायचा आणि ओरडायचा, "शब्द कुठायत?" ही ओरड ऐकू आली की समजायचं, गाणं ठरलं. मग शब्द शोधायला बसायचे. मास्तर सगळं रेकॉर्ड करून ठेवायचे, आधी टेपवर, नंतर फोनवर, कारण दादाला आपलीच बडबड दुसऱ्या दिवशी आठवायची नाही.

पहिल्या काही वर्षांचे शब्द तिघांनी भांडून काढलेले होते आणि ते तसेच ऐकू यायचे. कारखान्याचा भोंगा, बंद पडलेली लिफ्ट, खोलीचं भाडं वाढवणारा मालक. प्रत्येक गाण्यात कुठेतरी "जाळून टाकू" यायचंच. काय जाळणार होते देव जाणे. तिघांपैकी एकालाही काडी एका फटक्यात पेटवता यायची नाही. पण आवाज मोठा होता आणि वय लहान होतं. कॉलेजच्या मैदानावर, एका गोदामाच्या गच्चीवर, जिथे वीज मिळेल तिथे ते वाजवायचे. पोरं उड्या मारायची. दादा डोळे मिटून गायचा, आणि गाणं संपलं की परत तोच, खुणा करणारा. मी पहिल्या रांगेत उभी राहून ओरडायचे आणि घरी आल्यावर त्याला सांगायचे की आज बेसुरा होतास. हे दोन्ही माझं कर्तव्य होतं.

मग वहिनी आली. आली तेव्हा ती वहिनी नव्हती, गिऱ्हाईक होती. तिच्या आईचं वॉशिंग मशीन टेम्पोत घालून घेऊन आली. ते मशीन दुरुस्तीपलीकडे गेलेलं होतं. दादाने हे पहिल्याच दिवशी ओळखलं असणार, पण बोलला नाही, आणि दर रविवारी तिला "बघायला या" म्हणून बोलावत राहिला. मला खूण न करता, स्वतःच्या तोंडाने. तेव्हाच मी ओळखलं. बसायला खुर्ची नव्हती म्हणून ती त्या मशीनच्याच झाकणावर चढून बसायची, पाय हलवत.

ती एका लिफ्ट कंपनीत तक्रारीच्या फोनवर काम करायची. लिफ्टमधे माणूस अडकला की आतलं बटण दाबतो, तो फोन हिला लागायचा. एका रविवारी दादाची बडबड चालू असताना बेकरी हसून तिला म्हणाला, "आमचा गायक जरा येडा आहे, मनावर घेऊ नका." ती म्हणाली, "येडा नाही. काहीतरी सांगतोय. माझ्या फोनवर लोक असंच बोलतात. अडकलेल्या माणसाला आधी शब्द नाही सुचत, नुसता आवाज निघतो. आपण घाई नाही करायची. ऐकत राहायचं." मग दादाकडे बघून म्हणाली, "पुन्हा म्हणा." त्याने पुन्हा म्हटलं. तिने त्याला तेच कितीदा तरी म्हणायला लावलं, आणि शेवटी म्हणाली, "या चालीत कुणीतरी बंद दाराबाहेर उभं आहे. तुम्ही फ्रिजवाले आहात. फ्रिजचं दार लावलं की आतला दिवा विझतो की नाही, हे बाहेरच्याला कसं कळणार?"

त्या दुपारी 'दार लागल्यावर' झालं.

"दार लागल्यावर आत कोण जागं असतं,
दिवा विझला की नाही, बाहेर कुणाला दिसतं."

मी पडद्याच्या अलीकडे एका साडीला फॉल लावत बसले होते. सुई तशीच धरून राहिले. आपला हा दादा, ज्याला "जेवायला वाढ" म्हणायला जड जायचं, त्याच्या पोटात हे होतं, आणि ते कालपरवा आलेल्या मुलीला ऐकू आलं होतं, जन्मापासून शेजारी असलेल्या मला नाही. मला तिचा थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू. पुढे तीच मुलगी माझी मैत्रीण झाली आणि आम्ही दोघी मिळून दादाची टिंगल करायला लागलो, तेव्हा तो राग गेला.

लग्नानंतर बँडचा आवाज बदलला. बेकरी काठ्या ठेवून ब्रशने वाजवायला शिकला, आधी कुरकुरत, मग आवडीने. "जाळून टाकू" हळूहळू गेलं. सकाळी कामाला निघालेली माणसं, दुसऱ्याच्या घरातली जुनी मशीनं, म्हाताऱ्या बापाशी न बोलणारा मुलगा, अशी गाणी यायला लागली. जुनी पोरं नाराज झाली. "गंज चढला तुमच्या गंजला," असं एकाने तोंडावर सांगितलं. पण नवी माणसं आली, ती उड्या मारायची नाहीत, उभी राहून ऐकायची. 'दार लागल्यावर' रेडिओवर लागलं. एका रंगाच्या कंपनीने ते जाहिरातीसाठी मागितलं, फक्त 'दार'ऐवजी 'भिंत' करा म्हणाले. दादा म्हणाला, शब्द माझे नाहीत, बायकोला विचारा. बायको म्हणाली, "भिंत आमच्याकडे प्लायवूडची आहे, तिला रंग बसत नाही." विषय संपला.

आणि रीतही थोडी बदलली. आता बेकरीने झांज वाजवून "शब्द कुठायत?" विचारलं की दादा गिटारचं टोक त्या मोडक्या मशीनकडे करायचा आणि म्हणायचा, "तिच्याकडे." ती पाय हलवणं थांबवायची. कार्यक्रमातही नवं गाणं सुरू करण्याआधी हे व्हायचं, आणि लोक स्टेजच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या वहिनीकडे बघून टाळ्या वाजवायचे. ती लाजून माझ्यामागे लपायची. तिच्या मापाची मी नव्हतेच, तिचं अर्धं अंग बाहेरच राहायचं.

तिला रक्ताचा आजार झाला. लांबवत नाही. हॉस्पिटलच्या खाटेवरही ती दादाला म्हणायची, "काहीतरी म्हण ना, बिनशब्दांचं." तो तिच्या कानाशी हळूच बडबडायचा. नर्स विचारायची, हे काय बोलतात? ती म्हणायची, "अजून कळलं नाही. कळलं की सांगते." ते गाणं कळायच्या आत ती गेली.

त्यानंतर दादाला गाणं आलं नाही. शब्द येत नाहीत हे समजण्यासारखं होतं. पण बडबडही येईना. एकदा मीच त्याला धरून बसवलं, गिटार हातात दिली. बोटं फिरली, चालीसारखं काहीतरी झालं, त्याने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. त्याने गिटार खाली ठेवली. म्हणाला, "आवाज काढायला ऐकणारं माणूस लागतं गं." मी म्हणाले, "मी काय बहिरी आहे?" त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताने मला जे कळायचं ते कळलं, आणि पुन्हा मी त्याला धरून बसवलं नाही.

बँड मोडला नाही, नुसता म्हातारा होत राहिला. एका हॉटेलात जेवणाऱ्या लोकांसमोर दुसऱ्यांची गाणी वाजवायचे, आणि लोक वेटरकडून आवाज कमी करायचे निरोप पाठवायचे. रविवारची दुपार मात्र कुणी सोडली नाही. तिघं जमायचे, जुनं काहीतरी वाजवायचे, चहा प्यायचे. मास्तर फोन तसाच चालू करून ठेवायचे, बेकरी काठ्या घेऊन दादाच्या तोंडाकडे बघत बसायचा. बोलायचं कुणी नाही, पण तिघं कशाची वाट बघत होते ते त्या खोलीतल्या फ्रिजांनाही ठाऊक होतं. वर्षं गेली. वहिनीच्या मशीनवर मी माझे पडद्यांचे गठ्ठे ठेवायला लागले. जागा मोकळी दिसण्यापेक्षा गठ्ठे बरे.

तो रविवार आला तेव्हा मी दुकानात नव्हते. एका दवाखान्यात पडदे लावायला गेले होते. पुढचं मला मास्तरांनी सांगितलं, त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात जास्त वाक्यं एका दमात बोलून.

दादा सकाळपासून डोकं धरून होता म्हणे. तरी गिटार घेऊन बसला. दोन जुनी गाणी झाली. तिसऱ्याला मधेच शब्द सुटले, आणि त्या जागी आलं, "शेला वे... राना शेला." बेकरीने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी बेकरीकडे. दादा थांबला नाही, चाल वळवून कुठेतरी नवीनच गेला, आणि बडबड येतच राहिली, भरभरून, इतक्या वर्षांची तुंबलेली. दोघं श्वास रोखून त्याच्या मागे गेले. रीत होती, थांबवायचं नाही, विचारायचं नाही. उजवा हात तारांवरून घसरला तर त्यांना वाटलं, गाण्यात बुडालाय. गिटार गळ्यात लोंबायला लागली तर वाटलं, आता फक्त गळ्यानेच म्हणायचंय त्याला. डोळ्यातून पाणी येत होतं. यांच्याही येत होतं. बराच वेळ ते असे वाजवत राहिले, आणि शेवटी बेकरीने झांजेवर फटका मारून जिवाच्या आकांताने विचारलं, "शब्द कुठायत?"

मी परत आले तेव्हा बेकरी दादाला मिठी मारून नाचवत होता. मला दादाचा चेहरा त्याच्या खांद्यावरून दिसला. तोंडाची एक बाजू खाली आली होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "शेला." ते गाणं नव्हतं.

मेंदूत गुठळी होती. जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली, आणि बोलणं गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडं आधी आणलं असतं तर कदाचित. त्या 'कदाचित'ने माझं डोकं फिरलं. कॉरिडॉरमधे बेकरी आणि मास्तर भिंतीला लागून उभे होते. मी त्यांना म्हणाले, "तुम्हाला गाणं पाहिजे होतं ना? मिळालं? माणूस मरत होता आणि तुम्ही ठेका धरत होतात. आता माझ्या दुकानाची पायरी चढायची नाही. दोघांनीही." बेकरी म्हणाला, "ताई, आम्हाला वाटलं..." मी म्हणाले, "तुम्हाला काय वाटलं ते मला चांगलं माहितीय." मला सगळ्यात जास्त छळत होतं ते वेगळंच. वहिनी असती तर मशीनवरून उडी मारून खाली आली असती. गाणारा कुठला आणि अडकलेला कुठला, हे तिला एका आवाजात कळलं असतं. तेच तर तिचं काम होतं.

दादा घरी आला. दिवसा मी त्याला माझ्याबरोबर दुकानात आणून मागच्या खोलीत बसवायचे. आठवड्यातून काही दिवस बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. गोड स्वभावाच्या. त्या चित्रं दाखवायच्या: कप, किल्ली, पंखा. एकदा फ्रिजचं चित्र निघालं. उभ्या जन्मात हजारो फ्रिज उघडलेल्या माझ्या दादाने ते चित्र हातात घेतलं, उलटं करून मागची बाजू बघितली, जिथे मोटर असते, आणि म्हणाला, "राना." मग माझ्याकडे बघितलं, बरोबर आहे ना अशा नजरेने. मी म्हणाले, "बरोबर आहे." आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

एक दिवस मी काज करता करता सहज 'दार लागल्यावर' गुणगुणत होते. पडद्यामागून दादाचा आवाज आला. शब्दांसकट. "आत कोण जागं असतं, दिवा विझला की नाही..." मी तोंडातल्या टाचण्यांसकट धावले. संपूर्ण गाणं, एक अक्षर न चुकता. "दादा, आता म्हण, पाणी," मी म्हणाले. "शेला," तो म्हणाला. पुन्हा गाणं सुरू केलं तर पुन्हा सगळं स्वच्छ. मधे थांबवलं की मोडायचं, परत पहिल्यापासून घ्यावं लागायचं. मग मी एकेक करून सगळी गाणी काढून बघितली. "जाळून टाकू" वाली त्याला नाही आली. वहिनीची सगळी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती जास्त वेळा गायली असतील, म्हणून पक्की बसली असतील. असेल तसं. मला एवढंच कळत होतं की माझ्या भावाकडे जेवढे शब्द उरले होते ते सगळे तिने दिलेले होते, आणि त्यातल्या एकानेही त्याला माझ्याकडे पाणी मागता येत नव्हतं.

बेकरी रोज सकाळी शटरच्या कडीला पावाची पिशवी अडकवून जायचा. मी आत असले तरी हाक मारायचा नाही. रागाच्या भरात सुरुवातीला मी तो पाव समोरच्या कुत्र्यांना घातला. मग दादाला द्यायला लागले, कारण तोच मऊ पाव त्याला नीट गिळता यायचा. पिशवी रिकामी करून परत कडीला अडकवायचे. आमचं बोलणं एवढंच.

आणि रविवार यायचे. दादाला वार कसा कळायचा कोण जाणे. रविवारी तो डाव्या हाताने कपाट उघडायचा आणि चौकड्यांचा शर्ट पुढे करायचा, बँडचा. मी बटणं लावून द्यायचे. मग तो मागच्या खोलीत, गिटार मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून बसायचा. आणि तीच चाल. त्या दिवसाची. "शेला वे... राना शेला..." हळू, पुन्हा पुन्हा. मला ती ऐकवायची नाही, मी शिलाई मशीनचं पायडल जोरात दाबायचे. दिवेलागणीला शर्ट काढायला गेले की तो बटणांवर हात ठेवून मला अडवायचा. अजून थांब, येतील, असं. एका रविवारी मी चिडून ओरडले, "नाही यायचे ते! मी सांगितलंय त्यांना!" त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी शर्ट तसाच त्याच्या अंगावर राहू दिला.

त्याच आठवड्यात मास्तर दुकानात आले. हातात एक पँट. "आखूड करायची आहे," म्हणाले. मी बघितली, ती मीच आखूड केलेली होती. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी खिशातून जुना फोन काढून कापडांवर ठेवला. "ताई, त्या दिवसाचं यात आहे. पुसायला घेतो रोज. नाही जमत. तुम्ही पुसा." आणि पँट तिथेच टाकून निघून गेले.

मी पुसायलाच घेतलं होतं. पण न ऐकता पुसवेना. गाणं वाजलं. सुंदर होतं, हे सांगताना मला अजून लाज वाटते, पण होतं. दादाने उभ्या आयुष्यात केलेल्या सगळ्यांत सुंदर. मग झांज. मग बेकरीची ती ओरड, "शब्द कुठायत?" आणि हसू. ते हसू मी ओळखलंच नाही, मास्तरांचं होतं. मी त्यांना कधी हसताना ऐकलंच नव्हतं. त्या हसण्याखालून दादाचा आवाज, आता न गाता. "शेला. शेला वे. शेला." आणि बेकरी म्हणतोय, "ते कळलं रे राजा! शब्द सांग, शब्द! अरे किती वर्षं थांबलोय आम्ही!" दादाचा आवाज चढत गेला. भ्यायलेला. आणि त्याच्याभोवती ही दोन म्हातारी माणसं लहान पोरांसारखी हसत होती, रडत होती. इतका निखळ आनंद त्या खोलीत वहिनी गेल्यापासून झाला नव्हता. त्यांना आनंद झाला होता, बाकी त्यांनी काही केलं नव्हतं. मी फोन छातीशी धरून हमसून हमसून रडले. इतके महिने मला एका रागाचा आधार होता, आता तोही हातातून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं उघडून मी आत उभी राहिले. पिशवी अडकवायला हात आला, तो मनगटाला धरला. बेकरी दचकला. मी म्हणाले, "रविवारी या. मास्तरांनाही आणा. पँट तयार आहे म्हणावं."

रविवारी दोघं आले. दादा शर्ट घालून बसलेलाच होता. त्याने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू ते पानवाल्याकडे जाऊन आले आहेत, आणि इतका वेळ काय करत होतात, असं तो विचारतोय. बेकरीचा चेहरा बघवत नव्हता. मास्तरांनी दोन्ही गिटारी लावल्या, दादाच्या मांडीवरचीही. डाव्या हाताने दादा सूर दाबायचा, उजव्या बाजूने तारा छेडायचं काम मास्तरांनी आपला बेस ठेवून स्वतः घेतलं. एका गिटारीवर दोन माणसं. मी पडद्यात उभी होते. पहिल्यांदाच अलीकडे नाही, पलीकडे नाही, मधे.

दादाने तीच चाल धरली. "शेला वे... राना शेला..." बेकरीने ब्रश घेतले. ठेका चुकला नाही. दादा डोळे मिटून, मान वर करून गात होता, आणि त्या अर्ध्या चेहऱ्यावर मला तो जुना, परदेशात दगा मिळालेला माणूस दिसला. हसूही आलं आणि काळीजही फाटलं.

गाणं संपलं. बेकरीचा हात सवयीने झांजेवर गेला आणि तिथेच थांबला. त्याने ब्रश खाली घेतला. मास्तर तोंड फिरवून उभे राहिले. ते वाक्य आता कोण उच्चारणार होतं?

दादाने डोळे उघडले. बेकरीकडे बघितलं. वाट बघितली. मग हनुवटीने झांजेकडे खूण केली. बेकरीने मान हलवून नाही म्हटलं. दादाने पुन्हा खूण केली, या वेळी चिडून, गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते मला कळलं नाही की चिडायचा तसा. बेकरी माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हणाले, "विचारा."

झांज वाजली, अगदी हलकी. बेकरी दादाकडे वाकला. "शब्द कुठायत?" तो म्हणाला.

दादाने डाव्या हाताने गिटारचं टोक कोपऱ्यातल्या त्या मोडक्या मशीनकडे फिरवलं आणि म्हणाला, "तिच्याकडे."

स्पष्ट. आम्ही तिघांनी ऐकलं. मग तो तसाच, गिटार त्या दिशेला धरून, मशीनवर रचलेल्या माझ्या पडद्यांच्या गठ्ठ्यांकडे बघत राहिला. मी गेले आणि एकेक गठ्ठा उचलून खाली ठेवला.